मेणाचे बोट

आमच्या आजीची एक फणेरपेटी आहे. शिसवी लाकडाची, हातभर लांब, चारी कोपऱ्यांना पितळी पट्ट्या मारलेली. झाकण उघडले की आतल्या बाजूस बसविलेला आरसा तिरका उभा राहतो आणि खाली लहान लहान कप्पे दिसू लागतात. एकात फणी, एकात कुंकवाचा करंडा, एकात काजळाची डबी आणि अगदी कोपऱ्यातल्या कप्प्यात मेणाची इवलीशी डबी. ही पेटी आजीला तिच्या आईने लग्नात दिली, आणि त्या आईलाही ती तिच्या लग्नातच मिळाली होती. बेळगावच्या आमच्या घरात तिच्याहून वयाने वडील अशी वस्तू बहुधा देव्हाऱ्यातील समईच असेल.

रोज सकाळी स्नान झाले की आजी ही पेटी पुढ्यात घेऊन बसते. प्रथम मेणाच्या डबीत बोट टेकविते, ते कपाळावर गोल फिरविते आणि मग त्या गोलावर कोरडे कुंकू लावते. लहानपणी आम्ही दोघी बहिणी तिच्या दोन्ही बाजूंस बसून हा सोहळा पाहत असू. एकदा आम्ही विचारले, "आजी, आधी मेण कशाला गं?" आजी म्हणाली, "अगं, कुंकू काही आपल्या अंगचे चिकट नसते. मेणाचे बोट नसले तर घटकाभरात नाकावर उतरेल. आणि मेणही बोटाला लागले न लागले एवढेच घ्यायचे. फार घेतले तर कुंकू फासते."

हे उत्तर आम्ही ऐकले आणि विसरून गेलो. ते पुन्हा आठवावे लागले ते शाळेच्या रसायनशाळेत, आणि तेही चांगलीच फजिती करून घेतल्यानंतर. त्या फजितीची हकीकत येथे सांगावयाची आहे.

त्याचे असे झाले. गेल्या वर्षी आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन करावयाचे ठरले. पुण्याची आत्या, हुबळीचे काका, सारी मंडळी येणार म्हणून घराची झाडलोट निघाली. त्या झाडलोटीत आमचे लक्ष फणेरपेटीच्या आरशाकडे गेले. आरसा म्हणावयाचा तो केवळ सवयीने! कडेकडेने चांदी उडून गेली होती, मध्ये काळे डाग पडले होते, आणि आजी कपाळ पाहण्यासाठी पेटी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे सरकवीत असे. बाबा म्हणाले, "बाजारातून नवी काच कापून आणू." आजीने मान हलविली. "याच काचेत माझी आई कुंकू लावीत होती. काच बदलायची नाही."

तेव्हा आम्ही दोघींनी उत्साहाच्या भरात वचन देऊन टाकले की काच तीच ठेवू आणि चांदी नवी चढवून देऊ. आमच्या या धाडसाला एक कारण होते. काही दिवसांपूर्वीच आमच्या रसायनशास्त्राच्या बाईंनी वर्गात परीक्षानळीत चांदीचा आरसा करून दाखविला होता. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात अमोनिया थेंबाथेंबाने घातला की प्रथम तपकिरी साका दिसतो. आणखी थोडा घातला की तो साका विरघळून द्रावण पुन्हा नितळ होते. त्यात ग्लुकोज घालून नळी कोमट पाण्यात धरली की काही मिनिटांत नळीची आतली बाजू लखलखू लागते. हे पाहिल्यापासून आरसा करणे म्हणजे मुलांचा खेळ, असा आमचा समज झाला होता.

बाईंना आम्ही पेटी दाखविली. त्यांनी आरसा अलगद सोडविला आणि मागचा तांबडा लेप पाहून आम्हांला हात लावू दिला नाही. जुन्या आरशांच्या मागे शिशाचा शेंदूर असण्याचा संभव असतो आणि तो विषारी असतो, म्हणून हातमोजे घालून त्यांनी स्वतःच तो लेप आणि खालची कुजकी चांदी काढून टाकली. आमच्या हाती उरली एक साधी पारदर्शक काच. तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. आजीच्या आईचा आरसा आता आरसा राहिला नव्हता, आणि समारंभाला पंधरा दिवस उरले होते.

बाई म्हणाल्या, "मुलींनो, आधी काचेच्या तुकड्यांवर हात बसवा, मग आरशाकडे वळा." परंतु आम्हांला धीर नव्हता. आम्ही हट्ट धरला. बाईंनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बरे, करा. काचेचे काही बिघडणार नाही." काच आम्ही नळाखाली धुतली, फडक्याने पुसली, बशीत ठेवली आणि तिच्यावर द्रावण ओतले. पाहता पाहता काच काळवंडली, मग उजळली, आणि बशीत चंद्र उतरल्यासारखे दिसू लागले. आम्ही हर्षाने टाळ्या पिटल्या. काच उचलून नळाखाली धरली मात्र, आणि चांदीची एक कड सुटली. दुधावरची साय चमच्याने सरकवावी तशी ती सारी चांदी सुरकुतली, घसरली आणि मोरीत वाहून गेली. काचेवर राहिले ते चार वेडेवाकडे ठिपके. त्यांच्या मधोमध एक स्वच्छ मोकळी जागा होती. तिच्यावर चांदी बसलीच नव्हती. जवळून पाहिले तो आमच्यापैकीच एकीच्या अंगठ्याचा तो ठसा होता!

सिल्व्हर नायट्रेटची बाटली बाईंनी उजेडात धरून पाहिली. आरशाच्या आणखी एका खेपेपुरतेच ते उरले होते.

घरी येऊन आम्ही सारे आजीला सांगितले. सांगताना आमचा आवाज नीट निघत नव्हता. आजी रागावली नाही. तिने मोकळी काच हातात घेतली, तिच्यातून आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "मग काचेला मेण काय लावलेत?"

"मेण?"

"कुंकवाला मेण लागते, कल्हईला नवसागर लागतो. तुमच्या चांदीलाच तेवढे काही लागत नाही होय?"

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आजीच्या लहानपणी गल्लीत कल्हईवाला येत असे. आता तो क्वचितच दिसतो. पण एकदा आम्ही त्याला काम करताना पाहिले होते. तांब्यापितळेचे भांडे भात्यावर तापवून तो त्यात चिमूटभर नवसागर टाकी. पांढरा धूर उठे. मग कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ते फिरवी आणि भांडे आतून चंद्रासारखे होई. तेव्हा आम्हांला नवलाचे वाटले ते कथील. नवसागराकडे आमचे लक्षही गेले नव्हते. वास्तविक तोच अर्धा कारागीर असतो. तापलेल्या तांब्यावर ऑक्साइडचा काळा थर असतो आणि त्या थरावर वितळलेले कथील धरत नाही, थेंब थेंब होऊन पळते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि तो त्या काळ्या थराला खाऊन टाकतो. तांबे उघडे पडले की कथील त्याला आनंदाने बिलगते. ज्या भांड्याला नवसागर कमी पडला, त्याची कल्हई लवकर उडते, ती याच कारणाने.

दुसऱ्या दिवशी आजीचा प्रश्न आम्ही बाईंना सांगितला. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या आजींनी दोन धड्यांचा एक धडा केला. नवसागर म्हणजे पृष्ठभाग स्वच्छ करणे आणि मेण म्हणजे मध्ये दुवा घालणे. तुम्ही दोन्ही केले नाही." असे म्हणून त्यांनी फळ्यावर काचेचे चित्र काढले.

काच ही मुख्यतः वाळूपासून होते, आणि वाळू म्हणजे सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे जाळे. आपण जिला गारगोटी म्हणतो, स्फटिक म्हणतो आणि शास्त्रज्ञ क्वार्ट्झ म्हणतात, ती याच जाळ्याची शुद्ध आणि शिस्तबद्ध आवृत्ती होय. या जाळ्यात सिलिकॉनच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू असतात. आतमध्ये सारे एकमेकांशी बांधलेले. परंतु पृष्ठभागाशी आले की जाळे तुटते. तुटलेल्या टोकांना हवेतील बाष्प भेटते आणि तेथे ऑक्सिजन व हायड्रोजन यांची जोडगोळी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, तयार होतात. भिंतीवर खुंट्या ठोकाव्या तसे हे गट पृष्ठभागावर उभे असतात. किती? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. असा एक नॅनोमीटर लांब व एक नॅनोमीटर रुंद चौकोन घेतला, तर त्यात सुमारे ५ खुंट्या असतात.

आता या खुंट्यांवर काय अडकेल? पाणी अडकेल, बोटाचे तेलकट पदार्थ अडकतील, हवेतील धूर अडकेल. पण चांदी अडकणार नाही. चांदीला ऑक्सिजनचे फारसे आकर्षण नाही. ती आपल्याच अणूंना धरून एकसंध पापुद्रा करील आणि काचेवर पाहुण्यासारखी बसेल. पाण्याचा धक्का लागला की पाहुणा उठून जातो. आमच्या चांदीचे नेमके हेच झाले होते. अंगठ्याच्या ठशापुढे तर तिला बसावयासही जागा मिळाली नव्हती.

मग येथे मेण कोणते? बाईंनी कपाटातून एक बाटली काढली. तिच्यावर स्टॅनस क्लोराइड असे लिहिले होते. स्टॅनस म्हणजे कथिलाचे! कल्हईवाल्याच्या कांडीतले कथील येथे वेगळ्या वेषात आमच्यापुढे उभे होते. या कथिलाचा स्वभाव असा, की त्याला ऑक्सिजन आवडतो. म्हणून ते काचेवरच्या खुंट्या धरून ठेवते. शिवाय त्याच्यापाशी दोन इलेक्ट्रॉन देण्याजोगे असतात. चांदीच्या आयनाला धातू होण्यासाठी एकच इलेक्ट्रॉन हवा असतो. तेव्हा कथील एका हाताने काच धरते आणि दुसऱ्या हाताने चांदीला इलेक्ट्रॉन देऊन तेथल्या तेथे तिचे बीज रोवते. काचेवर सर्वत्र अशी सूक्ष्म बीजे पडली की पुढची चांदी त्यांच्यावर वाढत जाते. ती मग पाहुणी राहत नाही. तिची मुळे काचेत गेलेली असतात.

कथील आणि आरसा यांचे नाते याहूनही जुने आहे, हे बाईंनी त्याच वेळी सांगितले. शेकडो वर्षे युरोपात काचेच्या मागे कथिलाचा पत्रा पाऱ्याने भिजवून चिकटवीत आणि त्याचे आरसे करीत. त्या पाऱ्याच्या वाफेने कारागिरांचे दात पडत, हात थरथरत आणि आयुष्य उणे होई. १८३५ साली युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला दिसून आले, की अॅल्डिहाइड जातीच्या द्रव्यांमुळे चांदी द्रावणातून निघून काचेवर बसते. त्यातून पुढे पाऱ्याविना आरसा करण्याची वाट निघाली. १८५७ साली पॅरिसच्या लेऑं फूको याने दुर्बिणीसाठी काचेच्या आरशावर चांदी चढविली. त्यापूर्वी दुर्बिणीचे आरसे तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचे असत. ते जड असत, काळवंडत, आणि पुन्हा घासले की त्यांचा काळजीपूर्वक साधलेला आकार बिघडे. काचेवरची चांदी मात्र काळी पडली तर विरघळवून टाकावी आणि नवी चढवावी. काचेचा आकार जसाच्या तसा राहतो. आजीच्या काचेचे काही बिघडणार नाही, असे बाई इतक्या खात्रीने का म्हणाल्या होत्या, ते आम्हांला तेव्हा कळले.

या वेळी आम्ही शहाणपणा केला. प्रथम काचपट्ट्यांचे सहा तुकडे घेतले. दोन नुसते नळाच्या पाण्याने धुतले, दोन नीट स्वच्छ केले, आणि दोन स्वच्छ करून कथिलाच्या द्रावणात बुडविले. स्वच्छतेची परीक्षा बाईंनी शिकविली ती अशी, की काच ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून उभी धरावी. पाणी सलग पडद्यासारखे पसरले तर काच स्वच्छ. थेंब होऊन फुटले तर अजून तेल आहे असे समजावे. आमच्या मते चकचकीत असलेल्या काचेवर पाणी चार वेळा फुटले! तीव्र आम्लाने धुण्याचे काम बाईंनी स्वतः केले, आणि त्यानंतर आम्ही काचेला कडेखेरीज कोठेही बोट लावले नाही. नळाचे पाणी आता वर्ज्य होते. त्यात क्लोराइड असते, आणि चांदीचे द्रावण त्याला भेटले की दुधासारखा पांढरा गढूळपणा येतो.

सहाही तुकड्यांवर थोडी थोडी चांदी चढविली आणि वाळू दिली. मग बाईंनी प्रत्येकावर चिकटपट्टी दाबून लावली आणि झटक्याने ओढली. कारखान्यांतून आणि प्रयोगशाळांतूनही पातळ थरांची अशीच परीक्षा घेतात म्हणे. पहिल्या दोन तुकड्यांची चांदी सगळीच्या सगळी पट्टीबरोबर आली. पुढच्या दोघांची ठिगळाठिगळाने आली. कथिलात बुडविलेल्या तुकड्यांची मात्र जागची हलली नाही. एकाच्या कडेला तेवढी किंचित खरवड निघाली. त्या सहा पट्ट्या आम्ही वहीत ओळीने चिकटवून ठेविल्या आहेत. पाठ्यपुस्तकाच्या पानापेक्षा ते पान आम्हांला अधिक बोलके वाटते.

यानंतर आजीच्या काचेची पाळी आली. हात थरथरत होते. काच धुतली, पाण्याची परीक्षा झाली, कथिलाचे द्रावण ओतले, ते ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन टाकले. कथील डोळ्यांना मुळीच दिसत नव्हते. काच पूर्वीसारखीच मोकळी होती, आणि आपण काही केले आहे की नाही अशी शंका येत होती. मग उरलेसुरले सिल्व्हर नायट्रेट कामी आले. काच उजळली. पाण्याखाली धरताना आम्ही दोघींनी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा चांदी जागच्या जागी होती आणि तिच्यात दोन घामेजलेले चेहरे दिसत होते. चिमट्याने धरलेला एक कोपरा तेवढा पुसट राहिला. उरलेले द्रावण बाईंनी लगेच आम्ल घालून निकामी केले. अमोनिया घातलेले चांदीचे द्रावण साठवून ठेवले तर त्यात स्फोटक द्रव्य तयार होऊ शकते, म्हणून ते त्याच दिवशी नष्ट करावयाचे असते. आमच्या धाकट्या मित्रमैत्रिणींनी ही गोष्ट विसरू नये, आणि शिक्षकांवाचून हा प्रयोग करूही नये.

आरशाच्या पाठीवर शिसेविरहित रंग दिला आणि तो वाळेपर्यंत वाट पाहणे आले. त्या रिकाम्या वेळात आमची दृष्टी भिंतीवरच्या बंद पडलेल्या घड्याळाकडे गेली. त्याच्या तबकडीवर 'क्वार्ट्झ' हा शब्द होता. गारगोटीचे घड्याळात काय काम, असे विचारताच बाईंनी घड्याळ उतरवून उघडले आणि आतून भाताच्या लोंबीतील दाण्याएवढी धातूची एक नळी दाखविली. या नळीत क्वार्ट्झचा चिमट्यासारखा दोन बाहूंचा तुकडा असतो. १८८० साली झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी दाखविले, की क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला तर त्यांवर विद्युत्भार उत्पन्न होतो. याच्या उलटही घडते, म्हणजे वीज दिली की स्फटिक किंचित आकसतो किंवा फुगतो. त्यामुळे घड्याळातला हा तुकडा सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. दोनाला दोनाने गुणीत पंधरा दोनांचा गुणाकार केला की हीच संख्या येते. म्हणून ती पुनःपुन्हा निम्मी करीत बरोबर एक सेकंद मोजता येतो.

"परंतु," बाईंनी विचारले, "वीज स्फटिकाला द्यावयाची कशी? क्वार्ट्झमधून तर वीज वाहत नाही."

उत्तर आमच्यापुढे वाळत पडले होते. स्फटिकावरही धातूचा पातळ थर चढवावा लागतो. आणि सेकंदाला हजारो कंप सोसून तो थर तेथेच राहिला पाहिजे. तो सुटला की घड्याळ संपले!

हे काम आमच्या आरशाहून अवघड, कारण येथे पुष्कळदा सोने वापरतात. सोने सर्वांना प्रिय, कारण ते गंजत नाही, काळे पडत नाही. ते का? ऑक्सिजनशी त्याचे जमतच नाही म्हणून. पण क्वार्ट्झच्या पृष्ठभागावर तर ऑक्सिजनच्याच खुंट्या! जो गुण सोन्याला अक्षय ठेवतो, तोच त्याला गारेवर ठरू देत नाही. निर्वात पात्रात सोन्याची वाफ करून ती क्वार्ट्झवर बसविली, तर चिकटपट्टीच्या एका झटक्यात ते सोने निघून येते. अॅल्युमिनियमचे याच्या नेमके उलट. त्याला ऑक्सिजनचा मोठा लोभ, म्हणून ते काचेला घट्ट धरते. आजच्या मोठमोठ्या दुर्बिणींच्या आरशांवर बहुधा अॅल्युमिनियम असते. तमिळनाडूतील कावलूर येथे २.३४ मीटर व्यासाची वेणू बाप्पू दुर्बीण आहे. तिच्या आरशावरही अॅल्युमिनियमचाच लेप असतो.

मग सोन्याला गारेवर बसवावे कसे? येथेही मेणाचे बोट! एक रीत अशी, की आधी क्रोमियमचा किंवा टायटॅनियमचा काही नॅनोमीटर जाडीचा थर द्यावयाचा. हे धातू ऑक्सिजनचे लोभी आहेत, म्हणून गारेला धरतात. आणि धातूच असल्यामुळे सोन्यालाही धरतात. ही रीत जगभर रूढ आहे. परंतु तिच्यात एक खोट आहे. उष्णता लागली की क्रोमियमचे अणू सोन्यात शिरत वर येऊ लागतात, आणि शुद्ध सोन्याचा पृष्ठभाग शुद्ध राहत नाही. मध्यस्थाने लग्न जुळवावे आणि मग नव्या घरातच मुक्काम ठोकावा, असा हा प्रकार.

म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी दुसरा मध्यस्थ शोधला. तो धातू नसून रेणू आहे. त्याचे नाव बाईंनी फळ्यावर लिहिले तेव्हा ते फळ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले: मर्कॅप्टोप्रोपिल ट्रायमेथॉक्सी सिलेन. नाव अवघड असले तरी काम सोपे आहे. याच्या एका टोकाला सिलिकॉनचा अणू असतो. पाण्याच्या संगतीने तो क्वार्ट्झवरच्या हायड्रॉक्सिल खुंट्यांशी ऑक्सिजनमार्फत बांधला जातो. म्हणजे गारेला तो आपल्याच कुळातला वाटतो. दुसऱ्या टोकाला गंधकाचा अणू असतो. ऑक्सिजनकडे ढुंकून न पाहणारे सोने गंधकाला मात्र घट्ट धरते. अशा रेणूंचा एकपदरी थर स्वच्छ क्वार्ट्झवर लावला आणि त्यावर सोने चढविले, तर ते क्रोमियमवाचूनही टिकते. या रेणूचा असा उपयोग होतो, हे १९९१ साली शास्त्रीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून अनेक प्रयोगशाळांनी ही रीत उचलली. मात्र त्यासाठी गार निर्मळ हवी, आणि रेणूंचा थर एकपदरी हवा. जास्त लावले तर रेणू एकमेकांतच गुंतून गुठळ्या होतात आणि वरचे सोने खडबडीत व दुबळे होते. आम्हांला आजीचे शब्द आठवले: बोटाला लागले न लागले एवढेच.

हे सारे केवळ घड्याळासाठी नाही. १९५९ साली जर्मनीच्या गुंटर झाउअरब्राय याने दाखविले, की कंप पावणाऱ्या क्वार्ट्झच्या चकतीवर काही बसले की तिचे कंप त्या वजनाच्या प्रमाणात मंदावतात. सेकंदास ५० लाख कंप पावणाऱ्या चकतीवर एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे १८ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशांपैकी केवळ अठरा भाग, बसले तर एक कंप कमी होतो. प्रथिनांचे रेणू एखाद्या पृष्ठभागावर कसे चिकटतात, हेसुद्धा अशा तराजूने तोलता येते. या तराजूचे पारडे म्हणजे क्वार्ट्झवरचा सोन्याचा थर. ते सोनेच सैल झाले तर तराजू खोटे बोलू लागेल, आणि त्यावर विसंबलेला संशोधकही नकळत खोटे बोलेल. आमच्या काचेवरची साय मोरीत गेली ती डोळ्यांना दिसली म्हणून बरे. सर्वच फसवणुकी इतक्या प्रामाणिक नसतात.

समारंभाच्या आदल्या रात्री आरसा पेटीत बसला. सकाळी आजी नवे लुगडे नेसून बसली आणि तिने झाकण उघडले. आम्ही दाराआडून पाहत होतो. तिने आरशात पाहिले, पेटी डावीकडे सरकविली नाही, उजवीकडेही सरकविली नाही. मेणाच्या डबीत बोट टेकविले, कपाळावर फिरविले, कुंकू लावले. मग आम्हांला हाक मारली.

"कोपऱ्यात जरा पुसट राहिलेय गं."

आम्ही चाचरत म्हणालो, "तिथे चिमटा लागला होता, आजी. पुढच्या वर्षी पुन्हा..."

"काही नको. सगळेच नवे झाले असते तर पेटी परकी वाटली असती."

आजीने आम्हां दोघींना पुढ्यात बसविले आणि आमच्याही कपाळाला मेणाचे बोट लावून कुंकू रेखले. आजोबांना ओवाळताना, पंगतीत वाढताना, पाहुण्यांच्या मागेपुढे धावताना त्या दिवशी आम्ही घामाने न्हाऊन निघालो. रात्री पेटी उघडून पाहिले, तर दोघींचेही कुंकू सकाळी होते तेथेच होते.